हिरव्या अर्थसंकल्पात आमची वस्ती कोणत्या पानावर?

सरकारच्या जमाखर्चाला रंग देण्याची नवी पद्धत जगभर रूढ होत आहे. पूर्वी अर्थसंकल्प तुटीचा किंवा शिलकीचा असे. आता तो हिरवा असतो. ५ जून २०२४ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, बृहन्मुंबई महानगरपालिकेने आपला पहिला क्लायमेट बजेट अहवाल, अर्थात हवामान अर्थसंकल्प प्रसिद्ध केला. असा अहवाल काढणारे मुंबई हे देशातील पहिले शहर ठरले. २०२४-२५ या वर्षाच्या ३१,७७४ कोटी रुपयांच्या भांडवली खर्चापैकी १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे ३२.१८ टक्के रक्कम हवामान बदलाशी निगडित कामांवर खर्च होणार, असे त्यात सांगितले गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मथळे दिले, परिसंवाद झाले, तज्ज्ञांनी पाठ थोपटली. आमच्या वस्त्यांमध्ये मात्र त्याची साधी चर्चाही झाली नाही. गोवंडी, मानखुर्द, ट्रॉम्बे, धारावी, घाटकोपरच्या टेकड्या या भागांतील कार्यकर्त्यांना विचारले तर दहापैकी नऊ जण असा काही अर्थसंकल्प असतो हेच ठाऊक नसल्याचे सांगतील. दहा हजार कोटींचा हिशेब मांडला जातो आणि पाणी घरात शिरते ते ज्यांच्या, त्यांनाच त्याचा पत्ता नसतो, ही गोष्ट साधी नाही.

हिरवा अर्थसंकल्प म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. ही वेगळी तिजोरी नव्हे. त्यासाठी नवा पैसा येत नाही. शासनाच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातील प्रत्येक कामाकडे पाहून ते प्रदूषण कमी करते का, पूर, उष्णता, पाणीटंचाई यांपासून लोकांना वाचवते का, हे ठरवायचे आणि त्यावर तसा शिक्का मारायचा. अशा सर्व शिक्केवाल्या कामांची बेरीज म्हणजे हवामान अर्थसंकल्प. पद्धत म्हणून ती वाईट नाही. नॉर्वेची राजधानी ऑस्लो या शहराने २०१६ मध्ये ती प्रथम अवलंबली. तिथे हे काम पर्यावरण खात्याच्या कोपऱ्यात न ठेवता थेट वित्त खात्याकडे दिले गेले. कोणत्या उपायाने किती टन वायू कमी होणार, त्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, हे पैशाच्या हिशेबाशेजारी लिहिले गेले आणि वर्षभर पैशाच्या हिशेबाबरोबरच त्याचाही हिशेब मागितला गेला. फ्रान्स सरकारने २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आणखी एक पाऊल टाकले. पर्यावरणाला पोषक खर्चावर तर शिक्का मारलाच, पण मारक खर्चावरही उलटा शिक्का मारला. म्हणजे सरकार एका हाताने काय देते आणि दुसऱ्या हाताने काय बिघडवते, हे एकाच कागदावर दिसू लागले.

आपल्याकडे राज्य सरकारांनीही हा मार्ग धरला आहे. ओडिशाने २०२०-२१ मध्ये हवामान अर्थसंकल्प मांडला. त्याच वर्षी बिहारमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व वित्तमंत्री सुशीलकुमार मोदी यांनी देशातील पहिला हरित अर्थसंकल्प म्हणून स्वतंत्र पुस्तिका विधिमंडळासमोर ठेवली. बिहारच्या या हिरव्या हिशेबाच्या मध्यभागी २०१९ मध्ये सुरू झालेले जल-जीवन-हरियाली अभियान होते. या अभियानाचे पहिलेच कलम तलाव, पोखर, आहर, पईन यांवरील अतिक्रमणे शोधून ती मोकळी करण्याचे आहे. ऐकायला किती चांगले! पण बिहारमध्ये तलावाच्या काठावर घर कोण बांधतो? ज्याच्या नावावर गावात हातभर जमीन नाही तो. मुसहर टोल्यांतील भूमिहीन माणूस पिढ्यान्‌पिढ्या अशा काठांवर राहत आला, कारण गावाने त्याला दुसरी जागाच दिली नाही. घरे हटवण्याच्या नोटिसा त्यांच्याही हातात पडल्या आणि आधी पर्यायी जागा द्या, मग हटवा, अशी मागणी घेऊन भूमिहीनांच्या संघटनांना रस्त्यावर उतरावे लागले. हिरव्या पुस्तिकेत तलाव मोकळा झाल्याची नोंद होते. त्या काठावरून उठवलेले कुटुंब कुठे गेले, याचा रकाना त्या पुस्तिकेत नसतो.

रकान्याचा हा खेळ आपल्या समाजाला नवा नाही. चळवळीच्या वाचकाला विशेष घटक योजना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९७९-८० पासून अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनाचा पैसा त्यांच्यासाठी वेगळा ठेवण्याचे धोरण सुरू झाले. कागदावर पैसा ठेवला गेला. पण तो खर्च कसा दाखवला गेला? रस्ता सगळ्या गावासाठी झाला, त्यातला अमुक टक्के भाग अनुसूचित जातींसाठी समजा. धरण बांधले, त्याचा अमुक टक्के लाभ अनुसूचित जातींना झाला असे समजा. या समजण्यालाच शासकीय भाषेत मानीव खर्च म्हणतात. कर्नाटकाने २०१३ मध्ये उपयोजनेचा कायदा केला, आणि त्याच कायद्यात या मानीव खर्चाला एका कलमाने दार उघडून दिले. ते कलम रद्द व्हायला २०२३ उजाडावे लागले. त्यानंतरही त्या राज्यात उपयोजनेचे हजारो कोटी सर्वांसाठीच्या हमी योजनांकडे वळल्याचा वाद पेटलाच. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या निधीतून सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले आणि तेव्हाच्या केंद्रीय गृहमंत्र्यांना संसदेत ते मान्य करावे लागले. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाने कायदे केले. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या कर्मभूमीत, अशा कायद्यासाठी चळवळ अनेक वर्षे मागणी करत आली आहे.

हिरव्या शिक्क्याकडे आपण याच अनुभवाच्या चष्म्यातून पाहिले पाहिजे. मुंबईत सांडपाणी शुद्ध करणारी सात मोठी केंद्रे उभी राहत आहेत: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. रोज २,४६४ दशलक्ष लिटर मैलापाणी स्वच्छ करण्याची त्यांची क्षमता असेल. काम आवश्यक आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ही केंद्रे हवामान अर्थसंकल्पामुळे आली का? मुळीच नाही. अनेक वर्षे निविदा, न्यायालये आणि हरित लवाद यांच्या फेऱ्यांत ती अडकली होती आणि हा शब्द मुंबईत कोणी उच्चारण्यापूर्वीच त्यांचे ठरले होते. अशा आधीच ठरलेल्या कामांवर हिरवा शिक्का मारून टक्केवारी काढली की बत्तीस काय, चाळीसही टक्के दाखवता येतात. मानीव खर्चाची हीच युक्ती आहे, फक्त रंग निळ्याऐवजी हिरवा. म्हणून कोणत्याही शहराचा हिरवा अर्थसंकल्प हातात आला की किती टक्के हे पाहण्याआधी, हा शिक्का नसता तर जे झाले नसते असे यात कोणते काम आहे, हे विचारायला हवे.

आणखी एक बारकावा आहे, तो महत्त्वाचा आहे. मुंबईचे ते १०,२२४ कोटी भांडवली खर्चातले आहेत. भांडवली म्हणजे बांधकाम, यंत्रे, मालमत्ता. पण शहराला पुरापासून आणि रोगराईपासून रोज वाचवतो तो खर्च भांडवली नसतोच, तो महसुली असतो. नाला झाडणाऱ्याचा पगार, कचरा उचलणाऱ्याचे हातमोजे आणि गमबूट, दवाखान्यातली परिचारिका, सार्वजनिक शौचालयाची देखभाल, फुटलेल्या जलवाहिनीची दुरुस्ती हे सगळे महसुली. सिमेंट ओतले की ते हवामानाचे काम ठरते आणि माणसाने हात घातला की तो नुसता आस्थापना खर्च! ही विभागणी जाणूनबुजून आपल्याविरुद्ध केली असे म्हणायचे नाही, ती हिशेबशास्त्राची जुनी रीत आहे. पण परिणाम असा होतो की कंत्राटदाराचे काम हिरवे दिसते आणि सफाई कामगाराचे काम दिसतच नाही. मुंबईचा कचरा उचलणारा, गटारात उतरणारा कामगार कोणत्या जातींतून येतो हे नव्याने सांगण्याची गरज नाही. महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले आणि त्यांना न्याय मिळाला एप्रिल २०१७ मध्ये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. ज्यांच्यामुळे शहराची गटारे पावसाळ्यात वाहती राहतात, त्यांच्या सुरक्षेचा रुपया हवामान अर्थसंकल्पात का मोजला जात नाही, याचे उत्तर महापालिकेने द्यावे.

नालेसफाईचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. मिठी नदीचा गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. खटल्याचे काय व्हायचे ते होईल. पण उपसलेला गाळ कागदावरच राहिला तर त्या वर्षी पाणी कुर्ल्याच्या क्रांतीनगरात शिरते, मलबार हिलवर नाही.

बृहन्मुंबईचा नकाशा समोर ठेवा आणि त्यावर एम पूर्व विभाग शोधा. महापालिकेनेच काढलेल्या २००९ च्या मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक सर्व विभागांत तळाला, ०.०५ इतका होता. याच विभागात देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे. ते सुरू झाले १९२७ मध्ये. शहराने आपला कचरा टाकण्यासाठी ही जागा निवडली आणि नंतर ज्या ज्या माणसांना शहराच्या मध्यातून उठवले, त्यांना त्याच कचऱ्याच्या शेजारी आणून बसवले. आधी कचरा, मग कत्तलखाना, मग माणसे. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस देवनारला आग लागली, धूर सगळ्या मुंबईवर पसरला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, तेव्हा कुठे शहराला देवनार आठवले. वस्तीतल्या लोकांनी तो धूर त्याआधीही अनेक वर्षे गिळला होता.

आता त्याच देवनारच्या भूमीवर राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी मंजूर केली. त्यासाठी दशकांचा कचरा हलवावा लागणार. महापालिकेने २०२५ मध्ये त्यासाठी सुमारे २,३६८ कोटींची निविदा काढली. आता हिशेबाची गंमत पाहा. जुना कचरा साफ करणे, त्यातून निघणारा मिथेन थांबवणे हे कोणत्याही व्याख्येने हवामानाचे काम आहे, त्यावर हिरवा शिक्का बसायला हरकत नाही. पण तो कचरा कोणासाठी साफ होत आहे? गेली अनेक वर्षे शेजारी राहून दमा आणि क्षय सोसणाऱ्या शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या माणसांसाठी, की धारावीतून अपात्र ठरवून बाहेर काढल्या जाणाऱ्या माणसांना तिथे आणून टाकता यावे म्हणून? धारावीत चामड्याचे काम करणारा चर्मकार, तमिळनाडूतून आलेला आदिद्रविड, मातंग, मुसलमान कारागीर यांची मोठी वस्ती आहे. एका कचऱ्याकाठच्या माणसांना न्याय द्यायचा नाही आणि दुसऱ्यांना त्यांच्या शेजारी बसवायचे, आणि हा सगळा व्यवहार हिरव्या शाईत लिहायचा, हे होऊ शकते. माहुलमध्ये काय झाले ते आपण पाहिले आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या घरांतून उठवलेल्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. तिथली हवा माणसाच्या आरोग्याला घातक असल्याचे हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरी माणसे पाठवली गेलीच. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी कुणाला तिथे पाठवू नका आणि जे आहेत त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. जलवाहिनी सुरक्षित झाली, हे कागदावर चांगलेच काम होते.

पाण्याचाच विषय घ्या. शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. घराचा पुरावा ठरावीक सालापूर्वीचा नसेल तर नळजोडणी नाही, असा नियम वर्षानुवर्षे होता. पाणी हक्क समितीने न्यायालयात धाव घेतली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला तहान अधिकृतच लागते, असा त्याचा साधा अर्थ. त्यानंतरही पालिकेने अटी लावल्या. सर्वांसाठी पाणी हे धोरण यायला मे २०२२ उजाडला. आजही अनेक वस्त्यांत बाई पहाटे हंडा घेऊन रांगेत असते किंवा टँकरवाल्याला पैसे मोजते. हवामान बदलामुळे पाऊस लहरी होणार, तलाव आटणार म्हणून पालिका समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या योजनेचा विचार करते. करावा. पण त्याआधी जे पाणी आज शहरात येते ते समान वाटले जाते का, याचा रकाना हिरव्या अर्थसंकल्पात असायला हवा.

१९२७ या सालाचा आणखी एक संबंध आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, कारण सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक हक्क यांचे नाते या देशात सर्वप्रथम आपल्या चळवळीने ठणकावून सांगितले. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्याचा पाया धार्मिक नव्हता, आर्थिक होता. पैसा सगळ्यांचा तर पाणी सगळ्यांचे. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला, पण तो दप्तरात राहिला. नुसत्या ठरावाने भागत नाही हे ओळखून बोले यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखा. याला आजच्या भाषेत सशर्त निधी म्हणतात. आज जागतिक संस्था हीच कल्पना नव्या वेष्टनात विकत आहेत.

त्यानंतर बाबासाहेब विधिमंडळात आले. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. प्राप्तिकर माणसाच्या ऐपतीप्रमाणे वाढतो, पण शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही त्याच दराने आणि शंभर एकरवाल्यालाही त्याच दराने, हा कसला न्याय, असा त्यांचा सवाल होता. आणि पुढच्या महिन्यात, २० मार्चला, ते महाडच्या तळ्यावर होते. अर्थसंकल्प आणि तळे यांच्यामध्ये त्यांच्या लेखी महिनाभराचेही अंतर नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला. वरचे सरकार पैसा आपल्या हातात ठेवते आणि जबाबदाऱ्या प्रांतांवर लोटते, तेव्हा काय होते याची त्यात चिकित्सा आहे. हवामानाच्या बाबतीत आज नेमकी तीच स्थिती आहे. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्याप्रमाणे २०१९ मध्ये शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन कर्ब उत्सर्जन झाले आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक ऊर्जा वापरामुळे, मुख्यतः विजेमुळे. वीज कोळशाची की सूर्याची, हे महापालिका ठरवत नाही. ऑस्लोला जे जमले ते मुंबईला तसेच्या तसे जमणार नाही याचे हे एक कारण आहे. उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वर्ष २०५० ठरवले आहे. पण महापालिकेच्या पूर्ण हातात आहे ते नाला, टेकडी, नळ, कचरा, बस आणि दवाखाना. म्हणून मुंबईच्या हिरव्या अर्थसंकल्पाची कसोटी किती वायू घटला यापेक्षा किती माणसे वाचली यावर लावली पाहिजे.

टेकडीचे उदाहरण घ्या. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेनेच बांधलेल्या जलाशयाची संरक्षक भिंत पावसाच्या पाण्याने कोसळून खालच्या झोपड्यांतील तीसच्या आसपास माणसे मेली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या वाशीनाक्याजवळ भारतनगरात दरड आणि भिंत कोसळून १९ जण गेले, त्याच पहाटे विक्रोळीतही. भिंत हे भांडवली काम आहे, पैसा खर्च झाला होता, कागदावर ते संरक्षणाचे काम होते. कोणाचे संरक्षण, हे पाहिले गेले नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी धोकादायक टेकड्यांवरच्या रहिवाशांना नोटीस चिकटवली जाते की घरे खाली करा. कुठे जायचे ते नोटिशीत लिहिलेले नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हापासून पर्जन्य जलवाहिन्यांवर पैसा ओतला गेला. १९९३ चा ब्रिमस्टोवॅड अहवाल तोपर्यंत धूळ खात होता. पाणी उपसणारी पंपिंग स्टेशने झाली, हिंदमाता सुधारले. टेकडीवरच्या माणसाचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण हिंदमाताचे पाणी रस्ता अडवते आणि टेकडीची माती फक्त झोपडी अडवते.

उष्णतेचेही तेच. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त ऊन आत असते हे सांगायला उपग्रहाची गरज नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. त्यात पत्र्याचे छप्पर पांढरे रंगवण्यासारखे अगदी स्वस्त उपाय पुढे आले. अशा उपायांना कोटींची निविदा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते मोठ्या अर्थसंकल्पात मागे पडतात.

बसबद्दलही बोलले पाहिजे. मोटारीऐवजी बस हा जगभरच्या हवामान आराखड्यांतला पहिला उपाय. मुंबईत बेस्ट महापालिकेचाच उपक्रम आहे. घरकाम करणारी बाई, वॉचमन, सफाई कामगार, महाविद्यालयात जाणारी आपली मुले बसने जातात. पण बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या वर्षागणिक घटत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या आल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. ज्या शहराने हवामान अर्थसंकल्पाचा पहिला मान मिळवला त्याच शहरात वर्षभराच्या आत गरिबाच्या हिरव्या प्रवासाचे भाडे दुप्पट होते. मारक खर्चावरही शिक्का मारण्याची फ्रान्सची पद्धत मुंबईत असती, तर हा निर्णय कोणत्या रकान्यात गेला असता?

आपल्याच काही मित्रांचे म्हणणे असते की पर्यावरण हे उच्चवर्णीयांचे फॅड आहे, आपले प्रश्न आरक्षण, शिक्षण, अत्याचार हे आहेत, त्यात वेळ घालवू नये. या म्हणण्यामागचा राग समजू शकतो. झाडांसाठी मेणबत्त्या लावणारे लोक गटारात मेलेल्या कामगारासाठी घराबाहेर पडत नाहीत, हे आपण पाहिले आहे. पण त्यांचे वागणे हा आपण अर्थसंकल्प न वाचण्याचा आधार होऊ शकत नाही. पुढच्या वीस वर्षांत शहरांचा बराचसा पैसा याच नावाने खर्च होणार आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकेने हरित कर्जरोखे काढून पैसा उभा केला, इंदूर, गाझियाबादने त्याआधी केला. पैसा ज्या नावाने येतो त्या नावाच्या दारात आपण उभे नसलो तर विशेष घटक योजनेची चाळीस वर्षे पुन्हा मोजावी लागतील.

आणि एक गोष्ट विसरता येत नाही. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. मुंबईचा पहिला हवामान अर्थसंकल्प आला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकाचे राज्य होते. म्हणजे या शिक्क्यांवर कोणत्याही राखीव वॉर्डातील प्रतिनिधीने हात वर करून प्रश्न विचारला नाही. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता विचारणारे आहेत. मुंबई महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडावा लागतो, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यांत पालिका नागरिकांकडून सूचना मागवते. वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात डिसेंबरमध्येच बसून यादी करता येईल: कोणत्या गल्लीचे गटार उघडे, कोणत्या टेकडीला भिंत नाही, किती घरांना नळ नाही, शौचालयाच्या किती सीट बंद, सफाई कामगारांना गमबूट शेवटचे कधी मिळाले. ही यादी वॉर्ड ऑफिसात पोच घेऊन द्यावी, नगरसेवकाला द्यावी. त्याबरोबर माहिती अधिकाराचा एक अर्ज करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात तीन गोष्टी मागाव्यात: मागील हवामान अर्थसंकल्पात आपल्या विभागातील कोणकोणती कामे हिरवी म्हणून दाखवली, त्यांपैकी किती कामे त्याआधीच्या वर्षांच्या अर्थसंकल्पात याच नावाने होती, आणि वर्षअखेर त्यांवर प्रत्यक्ष किती रुपये खर्च झाले. सुरुवात एम पूर्व विभागातून करावी. तिथे विचारण्यासारखे सर्वांत जास्त आहे.